अक्रोडवाले साहेब

अक्रोड दाराच्या फटीत धरायचा, दार हळूच ओढायचं आणि कटकन आवाज झाला की आतला गर तळहातावर घेऊन समोरच्याच्या नाकापुढे धरायचा. "ह्यां काय दिसता?"

तुम्ही "अक्रोड" म्हणालात तर नापास. "मेंदू" म्हणालात तर अर्धा तुकडा मिळे. उरलेला अर्धा साहेब स्वतः खात.

मालवणात माझं औषधांचं दुकान आहे आणि हे गृहस्थ माझे शेजारी. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, पण आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो; एरवी त्यांना ऐकू येत नसे. बदाम-अक्रोडांनी म्हातारपणी बुद्धी तल्लख राहते, असं त्यांनी मोबाइलवर कुठंतरी ऐकलं. कचेरीत कधी न लागलेली ही वस्तू आता जपायचीच, असा त्यांनी निश्चय केला.

परसात काजूची झाडं होती, पण काजूला त्यांच्या लेखी मान नव्हता. "तो काय, कुंपणाक पण लागता. मेंदवाक भायरचोच माल व्हयो."

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या म्हाताऱ्यांना ते माझ्या दारातच अडवत. "काल राती काय जेवलंस?" म्हातारा जरा अडखळला की निकाल लागे. "गेलो! ह्याचो मेंदू गेलो! गोळ्यो कसल्यो खातंस, बदाम खा." एका मासे विकणाऱ्या बाईने मात्र पाटी खाली ठेवून त्यांना सुनावलं, "साहेबानू, काल काय जेवलंय तां माका याद आसा. आज मासे खपाक नाय तर काय जेवतलंय तां तुमी सांगा." त्या दिवशी साहेब लवकर घरी गेले.

घरी काकी होत्या. माहेर जवळच्या मसुऱ्याचं, स्वभाव मितभाषी. नवऱ्यापुढे दुसरा इलाजही नव्हता म्हणा. त्या आमटीत दोनदा मीठ घालू लागल्या, गॅस चालू ठेवून अंगणात बसू लागल्या. साहेबांचं निदान तयार होतं. "सकाळचे अक्रोड चुकवलंस मा?" त्यांनी अक्रोड वाढवले. काकींना कवळी, चावता येईना, तेव्हा त्या ते पदराआड लपवून कावळ्यांना टाकत. आमच्या आळीतले कावळे फार हुशार झाले.

एके सकाळी काकी घरातून नाहीशा झाल्या. शोधत आम्ही एसटी स्टँडवर पोचलो, तर त्या कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. "मसुऱ्याक जातंय. आये वाट बघता." त्यांची आई जाऊन जमाना झाला होता.

"आये खंयची?" साहेब चारचौघांत ओरडले. "माझा नाव काय? सांग बघया!"

काकींनी पदर तोंडावर ओढला आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडू लागल्या. साहेबांनी त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या हातात घेतली.

मी दोघांना कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. तिथे साहेब कचेरीच्या मराठीत शिरले आणि अक्रोडांची पूर्ण कैफियत त्यांनी सादर केली. डॉक्टरबाईंनी ती शांतपणे ऐकली.

"मूठभर सुकामेवा चांगलाच. उतारवयात मेंदूला त्याची मदत होत असेल. पण सुरू झालेला आजार तो मागे फिरवत नाही. आणि यांना अख्खे अक्रोड देऊ नका, घशात अडकतील. त्यांना रोज चालवा, माणसांत ठेवा. घरी यांच्याशी बोलता ना?"

"बोलतो तर! रोज विचारतो, अक्रोड खाल्लेस का?"

"आणखी काय बोलता?"

साहेबांनी फी किती झाली ते विचारलं.

त्यानंतर दुकानाच्या दारातली परीक्षा बंद झाली. साहेब बदाम वाटून पेजेत घालून काकींना भरवायला शिकले. निम्मी पेज आधी दोघांच्या कपड्यांवर जाई. बोलायला विषय नव्हता, म्हणून ते कचेरीतली बांधाची भांडणं सांगत. गावात ज्या गोष्टी ऐकून लोक वाट बदलत, त्या काकी रोज नव्याने ऐकत आणि योग्य जागी "अरे देवा!" म्हणत. साहेबांना आयुष्यात असा श्रोता लाभला नव्हता.

परवा मसुऱ्याच्या गाडीत ते दोघे माझ्या पुढच्या बाकावर होते. काकी खिडकीशी. गाडी सुटल्यावर त्यांनी साहेबांना निरखून पाहिलं.

"तुमी खंय चललास?"

"मसुऱ्याक."

"थंय कोण आसा तुमचा?"

साहेबांनी तिकिटांची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बायलेचा म्हायार."

"मगे नीट बसा," काकी म्हणाल्या आणि खिडकीकडे सरकून त्यांनी साहेबांना जागा करून दिली.