गाणं सगुणाचं, हुकूम कमिटीचा

महिपत दवंडीवाला गल्लीत शिरला की ठाण्यातली माणसं दारं लावून घेत. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? ठाणे गावाच्या म्युनिसिपल कमिटीने त्याच्या गळ्यात ढोल अडकवला होता आणि तोंडात घातल्या होत्या सगळ्या वाईट बातम्या. घरपट्टी भरा. उकिरडा हलवा. म्हशी रस्त्यात बांधू नका. पोरांना देवी टोचून घ्या. कुणाच्या बारशाची दवंडी पिटायला त्याला जन्मात कुणी सांगितलं नाही. आवाज मात्र असा, की तो कोपरीत ओरडला तर खाडीपलीकडे कळव्यातल्या कोंबड्या खुराड्यात शिरत. एवढा गळा देवाने दिला आणि ऐकायला कुणी नाही, हे त्याला फार लागे. शेवटपर्यंत थांबायची ती फक्त कुत्री, आणि तीही भुंकायला.

त्याच कोपरीत सगुणा राहायची. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवांना, पितरांना, गावच्या आयाबायांना गाण्यातून आवतण द्यायचं आणि हळदीपासून सगळे विधी धवले गाऊन पार पाडायचे, हे तिचं काम. तिच्या आईचंही तेच होतं. बाई तोंडाची फाटकी. लग्नसराई नसली की मिठागरावर मीठ ओढता ओढता नवी गाणी जुळवायची. आगगाडीवर, मुकादमावर, सख्ख्या जावेवर, कुणालाच सोडायची नाही.

पण मुंबईहून पितळी बाजा आणायची टूम निघाली आणि सगुणाचे दिवस फिरले. बाजा आणि भटजी मांडवात आले की धवलारणीला मागच्या दारी तांदूळ निवडायला बसवत. आता मिठागरवाल्या धाकूशेटच्या लेकीचं, बायजाचं लग्न ठरलं होतं आणि धाकूशेटने बाजेवाल्याकडे माणूस धाडलाही होता. धाकूशेट शिंकला तर सगळे आगरी नाक पुसत. त्याच्या मांडवात सगुणा नाही, तर मग ती कुणाच्याच मांडवात नाही, हे अख्ख्या कोपरीला कळत होतं.

गाण्याचं खूळ महिपतच्या डोक्यात शिरलं ते निव्वळ रागातून. देवी टोचण्याची दवंडी द्यायला तो मिठागरावर गेला होता. ढोल बडव बडव बडवला, पण कुणी मान वर करीना. तेव्हा तो असा चिडला, की कामावरच्या बायकांकडून ऐकलेलं सगुणाचं गाणं त्याने तिथेच ठोकून दिलं:

आगीची गारी आली गो कलव्याचे खारीन,
सायेब उतरला घाईन, टोपी रायली दारान.

झालं, सगळं मिठागर खिदळत भोवती जमलं. महिपतने त्या हसण्यातच देवीचा हुकूम घुसवून दिला आणि लोकांनी तो मुकाट ऐकला. कुणीतरी विचारलं, हे गाणं कुणाचं रे? तो म्हणाला, "गाणं कोपरीच्या सगुणाचं, हुकूम कमिटीचा." तेव्हापासून त्याची ही रीतच पडली. आधी गाणं, मग हुकूम, आणि रचणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय नाका सोडायचा नाही.

सगुणाला हे कळलं तेव्हा ती तरातरा त्याच्या दारात आली. आपलं गाणं हा मेला म्हैस रेकल्यासारखं गातो, चाल कुठे, ताल कुठे, असा तिने त्याचा शेजाऱ्यांसमक्ष उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच नवं गाणं घेऊन आली आणि चाल घोटून घेतल्याशिवाय हलली नाही. धवल्यांना तेवढा हात लावू दिला नाही. ते बायकांनीच गायचे, आणि तेही मांडवात. मग महिपत गिल्बर्टकडे गेला. हा गिल्बर्ट म्हणजे कोपरीच्याच किरिस्तावांतला शेतकरी. सणाला मडक्याचं घुमट वाजवत एमिलिया नावाच्या आपल्याच सासूवर गाणी रचायचा. त्याचीही गाणी महिपतने उचलली. सासूने गिल्बर्टशी बोलणं टाकलं, आणि जावई त्यावरही खूश होता.

आता दवंडी आली की लोक दारं उघडू लागले. देवी टोचणाऱ्यापुढे रांग लागली. आपला वचक वाढला, असं कमिटीला वाटलं, आणि तिला तसं वाटू देण्यात महिपतचं काही जात नव्हतं. नाव नाक्यानाक्यावर घुमल्यामुळे सगुणालाही एकदोन घरची बोलावणी आली. धाकूशेट तेवढा अजून बघू, बघू करत होता.

इतक्यात परशुरामपंतांना स्फूर्ती झाली. पंत कमिटीचे मेंबर. दवंडीत गाणं चालतं म्हटल्यावर त्यांनी स्वच्छतेवर संस्कृत वळणाचा एक लांबलचक श्लोक रचला आणि महिपतकडून पाठ करून घेतला. महिपतने तो भर बाजारात इमानेइतबारे म्हटला. दुसरी ओळ संपायच्या आत बाजार रिकामा. कुत्रीसुद्धा उठून गेली. पंत वाहवा ऐकायला समोरच्या दुकानात आडोशाला उभे होते.

पंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कमिटीकडून ठराव करून घेतला. कोपरीकरांची ही ग्राम्य गाणी दवंडीत किंवा चव्हाट्यावर कुणी म्हणू नयेत, आणि ही बंदी महिपतनेच नाक्यानाक्यावर पुकारावी. धाकूशेटची कमिटीत ऊठबस. बंदी घातलेल्या बाईला तो मांडवात कशाला घेतोय? म्हणजे महिपतने आपल्याच तोंडाने सगुणाच्या पोटावर पाय द्यायचा. नाही म्हणावं तर ढोल जातो. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पण दवंडीचा एक जुना रिवाज होता. ज्याची बंदी, त्याचा नमुना लोकांना दाखवायचा. खोट्या मापावर बंदी आली की महिपत ते माप मिरवायचा. नासक्या मासळीच्या बंदीला तर तो कुजके बोंबील हातात धरून सबंध गाव हिंडला होता आणि बायकोने त्याला विहिरीवरच आंघोळ घातली होती. तर आता महिपत भर नाक्यावर उभा राहिला, ढोल बडवला आणि ओरडला, "ऐका हो ऐका. पुढली गाणी म्हणायला बंदी हाये. नमुना ऐकून ठेवा, न्हायतर चुकून म्हणाल."

आणि त्याने झाडून सगळी गाणी म्हटली. एकेक गाणं झालं की गंभीरपणे बजावायचा, हे सगुणाचं, हे म्हणायचं नाही. लोकांना नीट कळलं नाही म्हणून पुन्हा म्हणायचा. गिल्बर्ट घुमट घेऊन धावत आला. बंदीचा माल मी रचला, तर नमुना मीच वाजवणार, असं त्याचं म्हणणं. नाक्यागणिक माणसं वाढत गेली. अंधार पडायच्या आत म्हातारेकोतारेसुद्धा काय काय म्हणायचं नाही ते तालासुरात म्हणत होते.

पंतांनी जाब विचारला. महिपत म्हणाला, "नमुना दाखवला, पंत." पट्टेवाल्याने त्याच्या गळ्यातला ढोल उतरवून घेतला. असं होणार हे त्याला पहिल्या नाक्यावरच माहीत होतं. तरी खोटं कशाला बोला, घरी येऊन तो रडला.

बंदीची गोष्ट अशी, की जे मिळत नाही तेच माणसाला हवंसं वाटतं. सोयरे विचारू लागले, शेट, ती बंदीवाली गाणारीण तुमच्याकडे येणार ना? धाकूशेटला हिंमतवान दिसायची भारी हौस. माझ्या मांडवात कमिटीचं काय चालतंय, असं म्हणत त्याने सगुणाला बोलावणं धाडलं. मागच्या दारी नव्हे, मानाने, देवकाजवळ.

लग्नाच्या दिवशी बाजेवाले गप्प केले गेले. मुहूर्त मोजायची भटजींची घटिका पाण्यात बुडत आली होती. बायजा बाशिंग बांधून बसली होती. सगुणा पाटावर बसली, तोंड उघडलं आणि मिटलं. मांडवाबाहेर, रस्त्याच्या कडेला, बिनढोलाचा महिपत उभा होता. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं.

धाकूशेट गा म्हणाला. भटजींनी घाई केली. सगुणा म्हणाली, "ज्याचा ढोल माजे गान्यापायी गेला त्यो भायेर उभा, नं मी आत गाऊ? देव तरी येतील का माजे आवतनाला?"

आयुष्यभर ज्या पाटाची वाट पाहिली त्यावरून बाई उठायला निघाली होती. धाकूशेटने सोयऱ्यांकडे पाहिलं, मग घटिकेकडे, आणि मग स्वतः बाहेर जाऊन महिपतला हाताला धरून आत आणलं. त्याच्यासाठी पाट मांडला गेला. महिपत ओशाळून पाटाच्या कडेवर कसाबसा टेकला, आणि सगुणाने गणपतीच्या आवतणाचा धवला उचलला.