मुंबईहून आलेली चित्रं

शिवणकामाच्या दुकानात चिंध्या आणि किस्से रोज साठतात. चिंध्यांच्या गोधड्या झाल्या, किस्से मात्र मी अजून सांगत बसते!

साठ सालच्या आसपास तळोद्याला हसनचाचांचं दुकान होतं. चाचा शिवायचे. मी काजं-बटणं करायचे आणि फ्रॉक-पोलक्यांची चित्रं काढायचे. चित्रं भिंतीवर लागायची अन् चाचा बेधडक ठोकून द्यायचे, "डायरेक्ट मुंबईथीन येतस!" तळोद्याच्या पोरीच्या डिझाइनवर आपलं कापड कोण कापू देणार? मला पटायचं. पण चित्राखाली आपलं नाव असावं, असं फार वाटायचं हो!

*

फॅशनच्या चित्रातल्या बायका ताडमाड. मीही तशाच काढायचे. चाचांनी एकदा चित्रावरच टेप लावली आणि त्या हिशेबानं शाळेतल्या मास्तरांच्या मुलीचा फ्रॉक बेतला. फ्रॉक जमिनीवर लोळायला लागला! मास्तर भडकले. चाचा शांत.

"चित्र बराबर शे. पोरच आखूड शे!"

*

धानोऱ्याच्या एका काकूंनी पोलक्याचं चित्र निरखलं, मग कागद उलटून पाहिला. मागे कोराच.

"पाठ उघडीच ठेवशात का?"

तेव्हापासून मी कागदाच्या मागच्या बाजूला पाठही काढू लागले.

*

माझ्या चित्रांतल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. तापीकाठच्या बायका हसायच्या, "हिले काही कामधंदा नही का?" मी चिडून एकीच्या हातात विळा दिला. त्या महिन्यात तेच पोलकं सगळ्यात जास्त शिवलं गेलं! विळा घेतलेली फॅशनवाली दुसरीकडे कुठं असेल तर दाखवा.

*

एकदा मुंबईहून बदलून आलेल्या डॉक्टरांची बायको दुकानात आली. एका ड्रेसच्या चित्रापाशी बराच वेळ थांबली.

"हे मुंबईत कुठं मिळालं? मी तिथलीच, पण असं काही पाहिलं नाही. दुकानाचं नाव सांगा ना!"

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. चाचांची थाप आता उघडी पडणार! माझी सुई थांबली.

चाचांनी कात्री खाली ठेवली. स्वतःच्या गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली.

"बाई, हाई शे आमनी मुंबई!"