आधी पाय दाव

"आधी पाय दाव. तोंड काय, समदेच बघतेत."

नवीन बाळ पुढ्यात आलं की आक्का हे म्हणायची आणि दुपटं खालच्या बाजूनं उघडायची. तुम्ही-आम्ही बाळ बघायला जातो तेव्हा नाक कुणाचं, रंग कुणाचा, हे बघतो. तिला त्यात रस नव्हता. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी ती आधी पाठीवर टाकायची, म्हणजे वाकल्यावर बाळाला लागत नसे. तळहात एकमेकांवर घासून ऊन करायची आणि दोन्ही पाय हातात घ्यायची. गुडघ्यात दुमडून बघायची, सोडून बघायची, मांड्या बाजूला करून बघायची. मग मूठ उघडून अंगठा आत अडकलाय का ते पाहायची. सगळ्यात शेवटी तोंड. "बरं हाय की, नाक बी हाय," असं म्हणून आईला हसवायची.

किल्लारीच्या अलीकडं एका गावात मी उपकेंद्राची नर्स आहे. गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. सरळ गल्ल्या, सारखी घरं, प्रत्येक घरापुढं थोडं अंगण. आक्का तिथं बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालायची. माहेर बिदरकडचं, म्हणून बाळाला ती कानडीत 'कूसू' म्हणायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. निम्मं गाव तिच्या पायांवर पालथं पडून न्हालेलं होतं, आणि सरपंचालाही ती हे ऐकवायची.

तिची माझी खरी ओळख एका कौतुकाच्या प्रसंगात झाली. लसीकरणाचा दिवस होता. एक आजी चार महिन्यांच्या नातवाला काखेत धरून सगळ्यांना दाखवत होती. बाळाचे पाय जमिनीला टेकवले की ते ताठ उभं राहायचं.

"बघा, चौथ्याच महिन्यात उभं राहून राहिलंय! लई दमाचं हाय आमचं लेकरू."

बाया हसल्या. मीही हसले. सुई मोडू नये म्हणून घट्ट धरा, एवढं सांगितलं. गर्दी ओसरल्यावर आक्का माझ्या पायरीवर येऊन बसली.

"बाई, ते उभं न्हाई राहून राहिलं. ताठून राहिलंय. तुराटी असती ना वाळलेली, तसं लागतंय हाताला. आन् पाय एकावर एक चढवतंय."

बाळांमधला मेंदूचा पक्षाघात लवकर कसा ओळखावा, याचं प्रशिक्षण मी नुकतीच लातूरहून घेऊन आले होते. फाईल होती, तिच्यात चित्रं होती. मी फाईल काढली आणि बघते तर ती जे सांगत होती ते सगळं तिथं छापलेलं. मला माझाच राग आला.

"तुला हे कधीपासून कळतंय?"

"लई वर्सं झाले."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"बोलून काय करावं? तुमच्याकडं काही हाय का त्याला?"

मी तिला जोरात सांगितलं, की आहे. पहिल्या काही महिन्यांत कळलं तर व्यायाम करून घेता येतो, मेंदू अजून शिकत असतो, उशीर झाला की सांधे आखडतात. लवकर कळणं हेच औषध. मला तसंच शिकवलं होतं आणि माझा त्यावर विश्वास होता. आक्कानं फाईल उलटसुलट करून पाहिली.

"ही लेकरं पावडर लावून बसवलेली हायत. ह्यांच्यात काय दिसावं?" मग म्हणाली, "बरं. बोलते आता."

ती बोलली. त्या आजीच्या घरी जाऊन बोलली, आणि मी लातूरची चिठ्ठी लिहून दिली. पहिल्या खेपेला व्यायाम शिकवणाऱ्या बाई रजेवर होत्या. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मुलगे उशिरा बसतात, वाट बघा म्हणून टॉनिक दिलं. तिसऱ्या खेपेला बाई भेटल्या. त्यांनी चांगलं तपासलं, व्यायाम दाखवले आणि दर आठवड्याला या म्हणाल्या. जीप, मग बस, मग रांग, आणि सोयाबीन काढायला आलेलं. चौथी खेप झाली नाही. ते लेकरू आता चार वर्षांचं आहे. उचलून न्यावं लागतं.

गावानं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. आक्का पाय बघते आणि मग लेकरात खोट निघते. नव्या बाळंतिणींच्या सासवा तिला टाळू लागल्या. "आक्का, औंदा आमच्या पोरीची मावशीच आलीय न्हाऊ घालायला," असं गोड बोलून दारातूनच पाठवायच्या. पुढं फक्त तीन घरं उरली. मी शाळेत बैठक घेतली, फाईल फिरवली, समजावलं. बायांनी चहा घेतला आणि माना हलवल्या.

मी आक्काला म्हटलं, "माझ्यामुळं तुझं काम गेलं."

"तुमच्यामुळं काहून? पाय लेकराचे, हात माझे. तुमी नुस्ती चिठ्ठी लिव्हली." मग म्हणाली, "तुमच्या फाईलीत ह्याच्या फुडलं चित्र न्हाई का हो बाई? कळल्यावर काय करावं, त्याचं?"

नव्हतं.

उरलेल्या तीन घरांत एक महानंदाचं होतं. तिची पहिली मुलगी शिवलीला जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नव्हती. आक्कानं दुसऱ्याच महिन्यात ओळखलं. सासूनं तिला अंगणातून हाकललं. आक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलाची वाटी घेऊन हजर. असं आठ दिवस चाललं. शेवटी सासू दमली. "येऊ दे मसनवटीला. तेवढंच तेल वाचतंय आपलं."

महानंदा लातूरला तीनदा गेली. प्रत्येक वेळी आक्का बरोबर. शिकवलेला व्यायाम आईनं विसरावा आणि आक्कानं लक्षात ठेवावा. तोंडानं तिला सांगता यायचं नाही, पण हात लावला की सगळं आठवायचं. मुलीला बसवायला आधाराची खास खुर्ची लागेल असं तिथं सांगितलं. मी अर्ज केला. कागद कमी पडला म्हणून परत आला, पुन्हा केला. खुर्ची आली नाही. मुलगी दोन वर्षांची होत आली, बाजेवर आडवीच. जगातलं तिनं पाहिलेलं म्हणजे पत्रा आणि वाकून बघणारी तोंडं.

एकदा दुपारी मी महानंदाकडं गेले तर आक्का अंगणात खुरप्यानं खड्डा खणत बसलेली. मुलीच्या छातीएवढा खोल. कडा पाणी लावून गुळगुळीत केल्या, आत गोधडी दुमडून घातली आणि शिवलीलाला त्यात बसवलं. दोन मांड्यांच्या मध्ये मातीचाच एक उंचवटा ठेवला होता, पाय एकावर एक चढू नयेत म्हणून. लातूरच्या बाईंनी खुर्चीचं चित्र दाखवलं होतं, त्यात तसाच ठोकळा होता.

मुलीची मान दोन-तीनदा पडली. मग राहिली. समोरून शेळी चालली होती. शिवलीलानं शेळी पाहिली, आडवी नव्हे, सरळ. आणि ती मोठ्यानं हसली.

"बघा," आक्का हात झटकत म्हणाली, "आली माणसात."

सासू दारात उभी होती. तीही हसली, हे मी पाहिलं आहे.

मग रोज सकाळी व्यायाम आणि दुपारी खड्डा. चार महिन्यांत मुलगी मान धरायला लागली. वाटी दिसली की एक हात पुढं यायचा. मी माझ्या वहीत हे लिहून ठेवलं. इतक्या वर्षांत असं लिहायला मिळालेलं तेवढंच.

पौषात आक्का गेली. सकाळी चुलीवर पाणी ठेवलं आणि तिथंच कलंडली.

मी त्यांच्या लिंगायत समाजातली नाही. त्यांच्यात बसवून माती देतात हे ऐकलं होतं, पाहिलं त्या दिवशी. तिला मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यातली डबी पुढं घेतलेली. तसंच बसवून गल्लीतून नेलं. पाठीवर टाकलेली डबी बघायची सवय असल्यामुळं ती मला कुणी वेगळीच वाटली. मग तिला खड्ड्यात उतरवलं. बेलाची पानं टाकली, माती लोटली. महानंदाची सासू माझ्या शेजारीच उभी होती. ती डोळे पुसत नव्हती. खड्ड्याकडं बघत होती.

तिसऱ्या दिवशी मी महानंदाच्या घरी गेले. अंगण सपाट होतं. खड्ड्याच्या जागी नवी माती चोपून बसवलेली, वर शेणाचा सडा आणि लहानशी रांगोळी.

"आजी, हे काय केलंत?"

"बाई, आक्काला तसं बसिवलं. आता जित्या लेकराला बी तसंच बसवावं का? बघवंना मला."

"पण खड्डा आक्कानंच खणला होता ना?"

"म्हणून तर," ती म्हणाली.

मी खूप बोलले. रागावलेसुद्धा. महानंदा खाली मान घालून पातेलं घासत राहिली. गोधड्या लावून भिंतीशी बसवा म्हटलं. बसवलं. मुलगी घसरली. पुन्हा बसवलं, पुन्हा घसरली. लेकराचे हाल कशाला, म्हणून सासूनं तिला बाजेवर ठेवलं.

अजून महिन्यातून दोनदा जाते. शिवलीला पत्र्याकडं बघत असते. मी तळहात घासून ऊन करते आणि आधी पाय उघडते. एकावर एक चढलेले असतात. मी ते सोडवते. माझे हात फाईलीतून शिकलेले. मी दुपटं घालून दारापर्यंत येते, तोवर ते पुन्हा चढलेले असतात.