कोरेगाव ते सांगली, मांडीवर सूर्य घेऊन

सांगलीला मी पहिल्यांदा गेले ती हौसेने नव्हे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोरेगावच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. विज्ञानाचे सर बदलून गेले आणि तो विषयही माझ्या गळ्यात पडला. सांगलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीतल्या सुमनची निवड झाली, तेव्हा 'मी नेते तिला' असं छातीठोकपणे मीच सांगून बसले.

तिचं मॉडेल म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीसारखं मातीचं छोटं चुलवण आणि त्यावर पिवळा रंगवलेला सूर्य. चुलवणात उसाची चिपाडं जळतात तसा सूर्य जळतो, हे मीच वर्गात शिकवलं होतं. सोबत तिचे वडील निघाले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणत.

सकाळच्या एसटीने सातारा, तिथून गाडी बदलून कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा. हल्ली मोठ्या रस्त्याने पटकन होतं, तेव्हा अख्खा दिवस मोडायचा. जायचंच असेल तर ऊसतोडीच्या दिवसांत जा, वाटेत गुळाचा वास येतो. मॉडेल फुटेल म्हणून आबांनी ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

कऱ्हाड सोडल्यावर ते म्हणाले, "बाई, एक इचारू का? मी लडाखला हुतो. तिथं हवा लय इरळ, स्टोव्हसुदिक धड पेटत न्हवता. सूर्याकडं तर हवाच न्हाई म्हनत्यात. मग त्यो पेटतो कसा?"

"सांगते हं," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. उद्या परीक्षकाने हेच विचारलं तर पोरगी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, आणि तेही माझ्यामुळे.

प्रदर्शनाच्या शाळेत पोचल्यावर शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर सरांना मी हळूच विचारलं. ते हसले नाहीत, एवढे उपकार. "सूर्य जळतच नाही, बाई. जळायला ऑक्सिजन लागतो. तिथे पोटात प्रचंड दाब आणि उष्णता असते. त्यात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून हेलियम होतो. थोडं वस्तुमान कमी भरतं, त्याचीच ऊर्जा होते."

संध्याकाळी आबा गणपतीच्या दर्शनाला गेले. सुमन आणि मी कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसलो. सांगलीचं भडंग चुकवू नका.

"सुमन, मी चुकीचं शिकवलं. सूर्य जळत नाही."

तिने भडंगाची पुडी खाली ठेवली. "तुमाला ठावं न्हवतं?"

"नाही."

"मग माहीत न्हाई म्हनायचं की, बाई."

एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. सरांनी सांगितलेलं सगळं मी तिला तिथेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. सुमनने चुलवणात चिपाडं पेटवली आणि त्याच्या तोंडाला ओला चिखल थापला. आत धूर कोंडून जाळ विझला. "सूर्य असा असता तर पेटलाच नसता," ती म्हणाली. "तिथं जाळायला हवा न्हाई. हायड्रोजनचा हेलियम हुतो, त्यातनं ऊर्जा येते."

"होतो म्हणजे कसा?" परीक्षकांनी विचारलं.

सुमन सरळ त्यांच्याकडे बघत होती. "फुडचं मला माहीत न्हाई."

नंबर आला नाही. परतीच्या एसटीत आबा म्हणाले, "माहीत न्हाई म्हनली ते बरं झालं."

सोमवारी मी वर्गात चूक कबूल केली आणि सगळ्यांना वहीतलं ते वाक्य खोडायला लावलं. पण त्याआधीच्या दोन तुकड्या शाळा सोडून गेल्या होत्या. कुणाची लग्नं झाली, कुणी फौजेत गेलं. आपल्या पोरांनाही त्यांनी तेच सांगितलं असेल, हे इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर तेवढ्यासाठीच हे लिहिलंय. सूर्य जळत नाही, बाळांनो. मी चुकीचं शिकवलं होतं.