एक लिटर पाण्यात दिवस

डिसेंबरच्या शेवटी आमच्या चाकणच्या कंपनीत आठवड्याचं शटडाऊन असतं. वर्षातली तेवढीच सलग सुट्टी. ती मी पाठीवर ओझं घेऊन डोंगरात सहा दिवस चालण्यात घालवणार, हे ऐकून आई म्हणाली, "शेतात जायला तुला गाडी लागती, आन आता पैसं भरून चालणार व्हय?" वहिनी नुसती हसली. त्या हसण्यापायी तरी मला सहाच्या सहा दिवस पुरे करायचे होते.

नाव नोंदवलं होतं माझ्या मावसबहिणीनं. ती आयटी कंपनीत कामाला. भीमाशंकरहून निघून हरिश्चंद्रगडापर्यंत जायचं, बरोबर तिच्यासारखेच चौदा जण. वजन कमी व्हावं म्हणून निम्म्यांनी टूथब्रशचे दांडे अर्धे कापून आणले होते, आणि त्याच सॅकमध्ये तीन-तीन पॉवर बँका कोंबल्या होत्या. पहिल्याच चढावर एक जण "इथं माणूस स्वतःला भेटतो" म्हणाला. मला तरी त्याचा घाम तेवढा भेटला.

दुसऱ्या दिवसापासून कुणी स्वतःला भेटेनासं झालं. सॅकच्या पट्ट्यांनी खांदे सोलले, टाचांना फोड आले, रात्रीच्या दवानं स्लीपिंग बॅगा ओल्या झाल्या. जेवायला दोन्ही वेळ खिचडीच. त्यात यांचं पाणी. प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटरची पिशवी, तिची नळी तोंडाशी, दर दहा पावलांना एक घोट. मग तासाभरानं झुडपाआड पळायचं, आणि बाकीच्यांनी उन्हात थांबायचं. माझ्याकडे एकच लिटरची बाटली होती आणि मुक्कामाला पोचेपर्यंत तीही अर्धी उरायची. माझी सॅक सगळ्यांत हलकी. मी कुणाला थांबवत नव्हते. या लाडावलेल्या लोकांकडे बघून मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

हे कसब मी डोंगरात शिकले नव्हते. आमच्या लाइनवर गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधतात. पट्टा चालू असताना लघवीला जायचं तर आधी सुपरवायझर सरांना विचारायचं, मग रिलीव्हर यावी लागते, म्हणजे तेवढ्यापुरती आपल्या जागी उभी राहणारी बाई. रिलीव्हर एक आणि आम्ही तीसेक जणी. ती येईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा शिफ्टच्या आधी पाणी पीतच नाही कुणी. नवी मुलगी आठवड्याभरात शिकते. मला तर आठ वर्षं झालेली.

चौथ्या दिवशी उतारावर माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. डोकं ठणकत होतं. एका दगडाला धरून उभी राहिले आणि तिथंच उलटी झाली. ट्रेकचा लीडर मागे आला, डोळे बघितले, नाडी बघितली. शांतपणे म्हणाला, "पुढच्या गावात जीप मिळते. तोपर्यंत फरक पडला नाही तर घरी पाठवतो." मला रडू आलं. तो कापलेल्या दांड्यांचा घोळका मजेत चालत राहणार, आणि मी जीपमधून आईच्या दारात उतरणार.

बहिणीनं मला सावलीत बसवलं.

"लघवीला कधी गेली होतीस?"

"काल. दुपारी आसंल."

"काल दुपारी? आणि पाणी?"

मी बाटली दाखवली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की चार दिवसांत पहिल्यांदा मला माझ्या शिस्तीची लाज वाटली. तिनं आपल्या पिशवीत मीठ-साखर कालवली आणि घोट-घोट पाजत राहिली. तिची ती नळी मी लहान पोरासारखी तोंडात धरली. आम्हा दोघींपायी सगळे दीड तास थांबले. कुणीही कुरकुरलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

हळूहळू पोटऱ्या सैल झाल्या, डोक्याचा ठणका उतरला. पुन्हा चालू लागलो. गाव अजून तासभर लांब होतं आणि मला जाणवलं, की आता जावं लागणार. इतक्या दिवसांनी असं साधं, वेळच्या वेळी. बहिणीला सांगितलं तर ती खुश होऊन म्हणाली, "मग जा की. गेलीस म्हणजे जीप नको."

डावीकडे पुरुषभर उंच कारवीची झुडपं होती. खाली दरीत चिटपाखरू नव्हतं. माझ्या जागी कुणाला उभं करायचं नव्हतं, काही बंद पडणार नव्हतं. मी मात्र पुढे चालणाऱ्या लीडरला, ज्याला चार दिवस दादा म्हणत होते, हाक मारली, "सर, जाऊ का?"

तो वळला. "कुठे?" त्यानं विचारलं.

मी कारवीकडे बोट दाखवलं. आणि त्यानं हो म्हणेपर्यंत मी पाय जुळवून तिथंच उभी राहिले.