बहिणीचे दोन आकडे

इंदापूरच्या बँकेत साहेबांनी क्रेडिट स्कोअरचा आकडा सांगितला तेव्हा माझी धाकटी बहीण हसली. "सहाशे एक्केचाळीस? दुसऱ्या कुणाचा बघताय तुमी, साहेब." तिनं पिशवीतून मोबाइल काढून पुढं धरला. त्यावर हिरव्या रंगात सातशे अडुसष्ट होतं. ते ॲप आदल्या दिवशी मीच तिला घालून दिलं होतं. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आकडा हिरवा दिसला आणि मला वाटलं, सुटलो.

कशातून सुटलो, ते सांगायला इतके दिवस जीभ रेटली नाही. मी बारामती एमआयडीसीत कामाला. जोडधंदा म्हणून दुधाच्या वाहतुकीला टेम्पो घेतला, तेव्हा फायनान्सवाल्यांना जामीनदार हवा होता. बहीण निमगाव केतकीहून एसटीनं आली, सही केली आणि चहाही न घेता परत गेली; तिच्या ढोबळी मिरचीची तोडणी चालू होती. पुढं माझे तीन हप्ते थकले. नंतर दंडासकट भरले. तिला बोललो नाही. भरले म्हणजे पुसलं गेलं, असं मी धरून चाललो.

आता तिला भाजीच्या रोपांची नर्सरी टाकायची होती. शेडनेटसाठी कर्ज हवं होतं. पण साहेबांच्या मते सहाशे एक्केचाळीस म्हणजे कुठंतरी हप्ते चुकलेले.

"मी आजवर रुपयाचं कर्ज काढलं न्हाय," ती साहेबांना म्हणाली. "मग हप्ता कसा चुकवीन?"

साहेब चिडले नाहीत. "ताई, कोण कर्ज कसं फेडतं याची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीची वही वेगळी, गुण द्यायची रीत वेगळी. कर्ज देणारे एकीला माहिती लवकर पाठवतात, दुसरीला उशिरा, कधी अर्धवट. तुमचं ॲप एकीचं बघतं, आम्ही दुसरीचं. दोन्ही आकडे तुमचेच."

"म्हंजे एक मास्तर पास करतो आन् दुसरा नापास?"

"एका मास्तरकडं तुमच्या पेपरचं एक पान पोचलेलंच नाही."

ते पान कोणतं, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं ते हे: "यांचा कॉम्प्युटरच चुकलाय. तू नको लक्ष देऊ."

हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

साहेबांनी अख्खा रिपोर्ट छापून दिला. बहिणीनं न वाचताच तो माझ्या हातात ठेवला. "दादा बघंल. त्याला कळतं यातलं."

बँकेखाली रसवंती होती. तिनं दोन ग्लास सांगितले. मी तिसरं पान उघडलं. तिच्या नावापुढं 'जामीनदार', खाली माझ्या टेम्पोचं कर्ज, आणि महिन्यांच्या चौकोनांत तीन लाल आकडे. मी त्यावर बोट ठेवलं.

"हे मी चुकवलेत."

ती पानाकडं बघत राहिली. "कवाचं हाय हे?"

"दिवाळीच्या आसपासचं. गेल्या साली."

"त्याच भाऊबीजेला ही साडी घातलीस ना ताटात?"

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. जांभळी, जरीकाठाची. बँकेत जायचं म्हणून ठेवणीतली नेसून आली होती. हप्त्याच्या पैशातली साडी! बहिणीपुढं हात आखडता नको, म्हणून मी घेतलेली.

"साडी मागितली व्हती का मी, दादा?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रसाला हात न लावता ती उठली. "चल वर. मी हप्ता चुकवला न्हाय, हे साहेबाला माझ्याम्होरं सांग."

सांगितलं. मान वर न करता सांगितलं. साहेब म्हणाले, टेम्पोचे पुढचे हप्ते वेळेवर जाऊ द्या, काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. नर्सरीचा एक हंगाम हातचा गेला तो गेलाच.

यंदा भाऊबीजेला तिनं ओवाळलं. मी ताटात पाकीट ठेवलं. तिनं ते उचललं नाही. आधी विचारलं, "ह्या महिन्याचा हप्ता गेला का?"

मी हप्ता भरल्याचा मेसेज काढून मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.