खिडकीतली रुई

“पुसू नोका, बाई! धडा बाकी हाय!”

आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांचं हे वाक्य दिवाळीनंतर रोज सकाळी ऐकू यायचं. समोर ओला फडका घेतलेल्या शेवंताबाई, मागे खिडकी आणि मध्ये हात पसरून उभे सर. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

शाळेमागे जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना आहे. कापसाचा हंगाम लागला की तिथली रुई उडते आणि खिडक्यांच्या फटींतून आत येते. सरांना मुलांना ‘साचणे’ या शब्दाचा अर्थ शिकवायचा असे, आणि तो फळ्यावर शिकवता येतो हे त्यांना मान्यच नव्हतं. “सांगतला त पाठ होते, पाह्यला त समजते,” म्हणायचे. म्हणून सातवीच्या वर्गातली एक खिडकी हंगामभर उघडायची नाही, पुसायचीही नाही. मुलांनी रोज नुसतं बघायचं.

“कालच्यापेक्षा काही जास्त दिसून राह्यलं का रे?”

“नाई, सर.”

“मंग बरोबर चाललं हाय.”

शेवंताबाई वैतागून स्टाफरूममध्ये मला म्हणायच्या, “हे मास्तर रिटायर होतीन, तवा माह्या खिडकीले आंघोळ भेटन.”

एकदा तपासणीचे साहेब आले. सर खिडकीकडे पाठ करून उभे, हलेनातच. साहेबांना उकडत होतं. त्यांनी सरांना बाजूला सारून खिडकी सताड उघडली. वारा आला आणि सगळी रुई साहेबांच्या नुकत्याच काळ्या केलेल्या केसांवर जाऊन बसली.

“हे काय आहे?” साहेब ओरडले.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “साचणे, सर. रोज येते, पण येताना दिसत नाई. अन् एक दिवस पाहावं त हे एवढं!” तिनं साहेबांच्या डोक्याकडे बोट दाखवलं.

साहेब आधी शिंकले, मग हसले. आमच्या सरांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. “रुई गेली डोळ्यात,” असं ते दिवसभर सगळ्यांना सांगत फिरले.

रिटायर व्हायच्या आधीच, गेल्या उन्हाळ्यात सर वारले. स्टाफरूममध्ये अजून करमत नाही.

यंदा रुई यायला लागली, तशा शेवंताबाई फडका घेऊन सातवीत आल्या. मी तिथं गणित शिकवत होतो. बाकीच्या खिडक्या त्यांनी भराभर पुसल्या आणि त्या एका खिडकीपाशी थांबल्या. आता अडवायला कोणी नव्हतं.

“पुसू का जी?” त्यांनी मलाच विचारलं.

“नोका, बाई,” मी म्हणालो. “धडा बाकी हाय.”

“मले वाटलंच,” म्हणत त्यांनी बादली उचलली.